बसल्या जागेवर चढलो म्हणे

शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझा शब्द कोणी खोटा पाडलेला मला खपत नाही. पांढुर्ण्याच्या मंडीत मी जन्मभर तोलारी होतो. काट्यासमोर उभं राहून मी बोलायचो तोच आकडा. शेतकरी असो का व्यापारी, पुन्हा मोजा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. अन् म्हातारपणी माझ्याच लेकीनं माझ्यापेक्षा एका घड्याळाचं ऐकलं.

लेक नागपूरला नर्स आहे. तिची आई गेल्यापासून मी इथं एकटाच राहतो. हृदयाची नळी तुंबली म्हणून माझ्या छातीत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकला तेव्हा तिनं हे घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. पळणारी, डोंगर चढणारी पोरं घालतात तसलं. नाडी दाखवते, समुद्रापासून माणूस किती उंचावर आहे तेही दाखवते, अन् ते सगळं तिकडं तिच्या मोबाईलमध्ये दिसते.

डॉक्टरांनी टेकडी चढायला मनाई केली. माझी संत्र्याची बाग टेकडीच्या पायथ्याशीच. बागेतलं काम आटोपलं की वर जाऊन बसायचं, तिगावकडून येणारी रेल्वेगाडी पाहायची, ही माझी सवय. डॉक्टरांपुढं शब्द दिला अन् ती सवय मोडली. पायांना मात्र ते पटलं नव्हतं. झाडाखाली बसलो तरी टाचा जमीन उकरत राहायच्या.

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आज टेकडीवर गेले होते?"

"नाही."

"खरं सांगा."

"अवं, नाही म्हटलं ना! दिवसभर बागेत बसून होतो."

"मंग उंची कशी वाढली? सकाळपासून रेघ चढून राहिली. चार वाजेपर्यंत चढलेच तुम्ही. मले दिसत नाही का?"

"नकाशा पाह्य ना मंग."

"नकाशात तुमची बाग अन् टेकडी एकाच बोटाखाली येते. हे पाहा बाबा, असंच चाललं तं मी येते अन् तुम्हाले नागपूरले घेऊन जाते. बाग देऊन टाकू ठेक्यानं."

फोन ठेवला अन् मी अंगणात आलो. अंगणातून घरात, घरातून अंगणात. चढलो असतो अन् बोलणी खाल्ली असती तर एक वेळ चाललं असतं. इथं टेकडीही गेली अन् शब्दही गेला. आता घर अन् बागही जाते का काय!

सकाळी भाकर तशीच ठेवून उठलो. शेवटी मनाशी म्हटलं, काटा खोटा आहे असं वाटते ना, तर त्यावर बाट ठेवून पाहा. ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असा बाट. पण उंचीचा बाट आणायचा कुठून? मग एकदम स्टेशन आठवलं. संत्र्याच्या पेट्या गाडीवर चढवायला जायचो तेव्हापासून तिथली ती पिवळी पाटी मी पाहत आलो. गावाच्या नावाखाली लिहिलेलं असते, समुद्र तल से ऊँचाई. ते कशाला लिहितात हे मला कधी कळलं नव्हतं.

प्लॅटफॉर्म तिकीट काढलं अन् थेट पाटीपाशी गेलो. घड्याळातले बारीक आकडे मला नीट दिसत नाहीत. म्हणून जवळच्या चहावाल्याच्या हातात मोबाईल दिला अन् मनगट पाटीजवळ धरलं.

"काका, कोनती गाडी पकडायची आहे?"

"कोनतीच नाही. घड्याळ तपासून राहिलो."

"टाईम तं बरोबर दिसते."

"टाईम नाही रे. उंची."

"कोनाची? तुमची?"

"तू फोटो काढ बापा गुपचूप."

त्यानं फोटो काढला, बोटानं मोठा केला अन् म्हणाला, "एकच आकडा आहे काका. पाटीवरचा अन् घड्याळाचा. एका मीटरचाही फरक नाही."

घड्याळ खरं निघालं. म्हणजे मी खोटा? का चढलो अन् विसरलो? या वयात तेही होते म्हणतात. तो फोटो मी लेकीला पाठवला नाही. घरीही जाववेना. बाकावर बसलो, उठलो, पाटीपर्यंत गेलो, परत आलो. गाड्या आल्या, गेल्या. चहावाल्यानं दोनदा चहा दिला, दुसरा तर न मागताच.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "काका, जा आता घरी. या वयात काही उंची वाढत नाही."

मी चिडून मनगट त्याच्यापुढं धरलं. "वाच पुन्हा."

त्यानं वाचलं. मग पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे कसं काय? तिसेक मीटर जास्त दाखवून राहिलं आता!"

मी तर प्लॅटफॉर्म सोडला नव्हता. मंडीत माझाच नियम होता, सकाळी तपासलेला काटा जेवणानंतर पुन्हा तपासायचा. तो नियम मीच विसरलो होतो. त्याच पाटीजवळ दुसरा फोटो काढून घेतला अन् दोन्ही पाठवले. लगेच फोन वाजला.

"बाबा, हे काय पाठवलं?"

"सकाळचा अन् आताचा. विचार आपल्या घड्याळाले, स्टेशन पण टेकडी चढलं का म्हणून!"

तिनं थांबा म्हटलं. मोबाईलवर काही वाचत असावी. मग म्हणाली, "हवेच्या दाबावरून उंची काढते म्हणे ते. दुपारी दाब उतरला का त्याले वाटते माणूस वर गेला. चुकलं माझं, बाबा."

मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात तिनं विचारलं, "म्हणजे दिवसभर स्टेशनवरच होते?"

"होतो."

"अन् दुपारची गोळी?"

घेतली म्हटलं असतं तर चाललं असतं. गोळीचं त्या घड्याळाला काही कळत नाही. पण दिवसभर मी कशासाठी बसलो होतो?

"नाही घेतली. डबी घरीच राहिली."

"रविवारी येते मी."

"न्यायले?"

"वांग्याची भाजी खायाले. बाग राहू द्या, तुम्ही पण राहा. पण गोळीच्या टायमाले रोज फोन करीन. उचलायचा."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी बागेत होतो अन् गोळी आधीच तळहातावर होती. फोन लगेच उचलला नाही. वाजू दिला. गोळी टाकली, लोट्यातलं पाणी प्यालो, मग उचलला.

"घेतली," म्हटलं.

"घड्याळ चढून राहिलं, बाबा."

"चढू दे त्याले. मी खाली बसलो आहे."