शिक्कासाहेबांचा चहा

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याबद्दल कोणीही उठून कोणालाही सल्ला देतो. आमच्या काकांना मात्र तो कोणी दिला नाही. सल्ला देण्याइतके त्यांच्या जवळ कधी कोणी गेलेच नव्हते.

काका वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, वजने पडताळायची, बरोबर असतील तर त्यांवर सरकारी शिक्का मारायचा आणि नसतील तर जप्त करायची, हे त्यांचे काम. बाजारात त्यांना शिक्कासाहेब म्हणत. ते प्रामाणिक होते, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही विसरू दिली नाही. लाच खाणारा अधिकारी निदान लाच देणाऱ्याशी चार शब्द गोड बोलतो. काकांनी तेवढाही संबंध कोणाशी ठेवला नाही. ते दुकानात शिरले की दुकानदार चहा मागवी. स्वतः दुकानदार काचेच्या पेल्यात पीत असला, तरी साहेबांचा चहा कपबशीतून येई. काका ती बशी एका बोटाने बाजूला सारत आणि तराजूची दांडी डोळ्यांसमोर धरत. चहावर साय धरे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तर म्हणे शिक्कासाहेबांसाठी सकाळचा उरलेला चहाच पाठवायचा असे ठरवून टाकले होते. पिणार कोण होते?

नोकरी संपली तेव्हा काकांच्या मनाने घेतले की आता हा चहा प्यायला हरकत नाही. ते मुद्दाम बाजारात गेले आणि एका किराणा दुकानाच्या स्टुलावर बसले. दुकानदार हसला, पण ते हसू गुळगुळीत होते, पाहुणे दारात आल्यावर घाईघाईने अंथरलेल्या चादरीसारखे. पाठीमागे त्याच्या भावाने तराजूवर फडके टाकले.

“अहो, मी रिटायर झालो आता,” काका म्हणाले.

“हो ना साहेब, कळलं. वाईट वाटलं,” दुकानदार म्हणाला. “आणि फडक्याचं काही नाही हं. आपली जुनी सवय.”

दुसऱ्या दुकानातही तेच, तिसऱ्यातही तेच. चहा आला, तो कपबशीतून. काका घरी परतले आणि जेवायला बसल्यावर काकूंना म्हणाले, “मला निव्वळ माणूस म्हणून कोणी चहा देतं की नाही, एवढं एकदा बघायचं आहे.”

“मग मी रोज देते ते काय आहे?”

“तू घरची.”

“बरं झालं सांगितलंत,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी आमटीचे पातेले स्वतःकडे ओढले.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रात कोणा तरुणाची मुलाखत आली होती. तो एकटाच सायकलवरून हजारो मैल हिंडून आला होता, उघड्या माळावर तंबू ठोकून झोपला होता आणि त्याला वाटेत अनोळखी माणसे देवासारखी भेटली होती. असल्या मुलाखतींत अनोळखी माणसे देवासारखीच भेटतात. मागे लागलेली कुत्री आणि बिघडलेले पोट यांना छायाचित्रात जागा नसते. काकांनी ती मुलाखत कापून ठेवली. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा मुलखात जायचे, एकट्याने जायचे आणि कोणी आपल्याला आपणहून बोलावते का ते पाहायचे, असे त्यांनी ठरवले. आयुष्यभर ज्याने माणसांना लांब ठेवले, तो आता माणसांच्या शोधात निघणार होता, आणि तेही सायकलवर पाय मारीत.

सायकलच्या दुकानदाराने अशी गिऱ्हाइके पुष्कळ पाहिली असावीत. त्याने काकांना सायकल दिली, तंबू दिला, डोक्यावर घालायचा भोपळ्याच्या फोडीसारखा टोप दिला आणि वर एक घट्ट काळी चड्डीही गळ्यात मारली. ती पाहून काकू म्हणाल्या, “ही पुढच्या दोरीवर वाळत घालायची नाही. आणि मागच्या दोरीवरसुद्धा चादरीच्या आड.”

निघण्यापूर्वी काकांनी प्रत्येक वस्तू आपल्या ताणकाट्याला अडकवून पाहिली. हा खिशात मावणारा, वर कडी आणि खाली आकडा असलेला स्प्रिंगचा काटा त्यांनी नोकरीत नेहमी जवळ बाळगलेला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेला शिक्का होता.

“तो काटा इथेच ठेवा,” काकू म्हणाल्या.

“सामान जोखायला लागेल.”

“एकदा जोखलंत ना? ते काय वाटेत बाळसं धरणार आहे?”

काका वरमले. आपण काय काम करत होतो हे कोणाला सांगणार नाही आणि कोणाच्या तराजूकडे डोळा वर करून पाहणार नाही, असे त्यांनी कबूल केले. काटा मात्र तंबूच्या पिशवीत गेला. काकूंनी तो जाताना पाहिला होता. पण अशा वेळी गप्प राहिले की पुढे बोलायला जास्त सापडते, हे त्यांना संसाराने शिकवले होते.

पुढचे सारे काकांनी काकूंना तुकड्यातुकड्यांनी सांगितले आणि काकूंनी ते आम्हाला सलग सांगितले.

पहिल्या मुक्कामाला त्यांनी माळावर तंबू उभारला. चारही दोऱ्या सारख्या ताणल्या, खुंट्या एका रेषेत ठोकल्या, बाटली आडवी ठेवून जमिनीची पातळी पाहिली. हे सारे त्यांनी मुंग्यांच्या रांगेवर केले होते, एवढेच पाहायचे राहून गेले. सकाळी मान सुजलेली, डोळा अर्धा मिटलेला, अशा अवस्थेत ते एका चौफुलीवर पोचले. तिथे भाजी विकणाऱ्या एका म्हातारीला त्यांची कणव आली.

“काय रे बाबा, कोणी मारलं?”

“मुंग्या.”

“मुंग्यांनी? घे, हे टोमॅटो घे दोन. पैसे नकोत. बस जरा सावलीत.”

काका बसले. म्हणजे मुलाखत खरी होती! त्यांनी टोमॅटो हातात घेतला, आणि तेवढ्यात म्हातारीने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला. भाजीच्या पारड्याखाली एक खडा बांधलेला होता. काकांनी मान फिरवली. मग ती आपोआप परत फिरली.

“आजी,” ते म्हणाले, “पारड्याखाली खडा आहे तुमच्या.”

म्हातारीने गिऱ्हाइकाला वाटेला लावले आणि काकांपुढे हात पसरला. “टोमॅटो ठेव ते खाली.”

“मी तक्रार नाही केली, नुसतं…”

“ठेव आधी! मुंग्यांनी उगाच नाही धरलं तुला.”

असे आणखी दोन ठिकाणी झाले. एका गिरणीवाल्याने अंगणात तंबू ठोकू दिला आणि काकांनी त्याच्या काट्यावरची पिठाची पुटे पुसून दिल्यावर तासाभरात तो उचलायला लावला. पुढे एका खाटकाकडे काकांनी तोंडातून शब्द काढला नाही, नुसते पाहिले. खाटकाला तेवढे पुरले. घरी फोन करून ते म्हणाले, “इकडची माणसं फार संशयी आहेत.”

“हो का?” काकू म्हणाल्या. “हवापालट चांगला झाला म्हणायचा.”

डोंगर ओलांडून एका गावाच्या वेशीशी पोचताना सायकलची साखळी तुटली, आणि तिच्यापाठोपाठ काकांचा गुडघाही धरला. समोरच भंगारवाल्याचे आवार होते. फाटकाशी मोटारीतून उपटून काढलेल्या गादीवर मालक बनियनवर बसला होता.

“कुठून?” त्याने विचारले.

“लांबून.”

“या वयात सायकलवर? घरच्यांनी हाकललं की काय?”

काका हसले. आपल्याला कोणीतरी चिडवते आहे, ही गोष्ट त्यांना इतकी नवीन होती की हसू थांबेना. मालकाने त्यांना हाताला धरून आत नेले. त्याच्या बायकोने पाणी तापवले. “भाऊजी, गुडघा शेकून घ्या, मग काय ते बोला,” ती म्हणाली आणि तिने चहा आणला. पोचे पडलेला स्टीलचा पेला, खाली बशी नाही, कडेला बोट भाजत होते. काकांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

ते तिथे राहिले. मोडक्या फ्रिजांच्या मधोमध त्यांनी तंबू लावला, तेव्हा मालक म्हणाला, “भाऊ, बघा हं, भंगार समजून विकीन एखाद्या दिवशी.” काय नोकरी होती असे त्याने विचारले, तेव्हा काकांनी सांगितले, “सरकारी.”

“कारकून?”

काकांनी होकाराची मान हलवली. सारी नोकरी ज्यांनी दुसऱ्याचे खोटे पकडण्यात घालवली, त्यांना स्वतःचे इतके सहज जमले.

अडचण एकच होती. फाटकाशी साखळीला लोखंडी तराजू टांगलेला होता आणि गावातल्या कचरा वेचणाऱ्या बायका त्यावर माल घालून जात. पहिल्या दिवशी काकांनी खुर्ची उलटी फिरवून तराजूकडे पाठ केली. पण रिकामी पारडी डोलून स्थिर होताना होणारा आवाज पाठीलाही ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी ते वळले. वजनांचे पारडे रिकामे असतानाही खाली झुकत होते. म्हणजे दुसऱ्या बाजूला आणणारीने जास्त माल घातल्याशिवाय तराजू समतोल होणार नव्हता. हे ओळखायला काकांना निमिष लागले. पुढे जे झाले त्याला मात्र वेळ लागला, कारण ते नवीन होते: काकांनी सबब शोधली.

सबब चांगली होती. पारड्याच्या तळाशी स्पीकरमधून निघालेला चुंबक चिकटला होता. भंगाराच्या आवारात चुंबक कुठेही पडलेले असतात, लोखंड दिसले की चिकटतात. माणसाच्या लक्षातही येत नाही. ज्या निरीक्षकाने गंज, वारा, उंदीर यांपैकी एकही कारण कधी ऐकून घेतले नव्हते, त्याला आता चुंबक आपल्या पायाने चालत पारड्याखाली गेलेला चालत होता. एवढा चांगला माणूस! भाऊ म्हणतो, थट्टा करतो, त्याची बायको गुडघा शेकायला पाणी देते. असा माणूस काटा मारील? काकांनी ठरवले की या उपकाराची फेड करायची.

सकाळी मालक उठायच्या आत त्यांनी चुंबक काढून टाकला. दांडी घासली, आकडे पुसले, रिकामी पारडी समोरासमोर आणली. मग ताणकाटा काढून एकेक वजन पडताळले. कोणाच्या घरी जाताना खाऊ न्यावा, तसे त्यांना वाटत होते. मालकाला गंमत वाटावी म्हणून ते काही बोलले नाहीत. खुर्ची सरळ फिरवून, काटा मांडीवर ठेवून, बक्षीस समारंभाला बसावे तसे तराजूकडे तोंड करून बसले.

पहिली आली ती एक हाडकुळी बाई, पाठीवर डबे आणि तारांचे गाठोडे, डोक्यावर आणखी एक. मालकाने गादीवर बसूनच हात लांबवून वजने टाकली. पारडी समोरासमोर येईनात. त्याने आणखी एक वजन टाकले, मग आणखी एक. बाई तराजूकडे पाहतच राहिली.

“शेठ,” ती म्हणाली, “तुमचा काटा बिघडला वाटतं. आज बरोबर दाखवतोय.”

मालकाने पारड्याखालून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

“मी काढलं ते!” काका खुर्चीतून म्हणाले. “चुंबक चिकटला होता खाली. तुमच्या लक्षात आलं नसेल.”

बाईने डोक्यावरचे दुसरे गाठोडे खाली टाकले आणि ती हसत सुटली. “लक्षात आलं नसेल! ऐकलंत का शेठ? तुमच्या लक्षात आलं नसेल!”

मालक हसला नाही. त्याची नजर काकांच्या मांडीवरच्या ताणकाट्यावर आणि त्यावरच्या शिक्क्यावर गेली. मग तो गादीवरून उठला. पहिल्या दिवशी हाताला धरून आत नेले तेवढे सोडले, तर तो काकांसाठी कधी उठला नव्हता. त्याच्या तोंडावर हसू आले, आणि ते काका चांगले ओळखत होते.

“साहेब,” तो म्हणाला, “आधी बोलायचं ना.”

“मी रिटायर झालोय.”

“असू दे ना साहेब. खातं ते खातंच.” आणि आत तोंड करून त्याने हाक दिली, “अगं, साहेबांना चहा!”

चहा कपबशीतून आला. आतल्या कुठल्या कपाटातून काढली असेल ती असो, कडेला निळी वेल होती आणि बशीत ओल्या फडक्याचा ओघळ होता. “साखर बरोबर आहे ना, साहेब?” मालकाच्या बायकोने विचारले. भाऊजी हा शब्द त्या आवारात पुन्हा उच्चारला गेला नाही.

काकांनी एका बोटाने बशी बाजूला सारली आणि तंबू गुंडाळायला घेतला. मालकाने सायकलला साखळी बसवून दिली, सामान स्वतः बांधले, घाई चालल्याचे दिसू न देता. फाटकाबाहेर पडल्यावर काकांना मागून आवाज ऐकू आला. चुंबक लोखंडाला जाऊन लागतो तो आवाज. त्यांनी वळून पाहिले नाही.

परतीचा प्रवास त्यांनी सायकल ट्रकमध्ये टाकून केला. घरी आल्यावर चार दिवस ते जगाच्या कृतघ्नतेवर बोलत होते: माणसे ढोंगी आहेत, अनोळखी माणसे तर विशेष, आणि मुलाखती छापणारे सगळ्यांत जास्त. काकू स्वयंपाकघरात चहा टाकत ऐकत होत्या.

“ती बाई तेवढी वेडी,” काका बोलता बोलता म्हणाले. “मी निघालो तर फाटकापर्यंत मागे आली. साहेब, उद्या पण असाल ना, म्हणे. परवा पण राहा, म्हणे.”

काकूंचा हात थांबला. “ती म्हणाली? राहा म्हणून?”

“हो. दोनदा.”

“मग राहायचं होतंत.”

“तिच्यासाठी?” काका म्हणाले. “तिने कुठे चहा दिला?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. मग गॅस बंद केला, पातेल्यातला चहा एकाच पेल्यात गाळला आणि तो घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आमच्यात येऊन बसल्या.