गाडीत बसतं कोण, हे आधी विचारणारे सोनटक्केसाहेब

श्री. प्रभाकरराव सोनटक्के यांची आणि माझी ओळख एका स्क्रूड्रायव्हरमुळे झाली. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बाजारात तेव्हा माझं नवंच गॅरेज होतं. एका डिझेल गाडीचं बॉनेट उघडून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी आतली खडखड ऐकत उभा होतो. डॉक्टरांची नळी असते, तसं आमचं हे साधन. मागून कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "काय ऐकून राहिले, भैया?"

मान न वळवता मी म्हणालो, "तिसरा इंजेक्टर."

"मलाही तिसराच वाटून राहिला. पण वाटण्यावर काहून थांबायचं? चला, मोजून घेऊ."

साहेबांची सगळी नोकरी आपल्या शहरातल्या संरक्षण कारखान्यात, वाहनांच्या चाचणी विभागात झाली. निवृत्तीनंतर त्यांनी नेपियर टाउनमधल्या घराच्या मागच्या खोलीत इंजेक्टर तपासायचं यंत्र मांडलं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात इंधनाचा बारीक फवारा सोडणारी तोटी. कोणती किती सोडते, कोणती शेवटी थेंब गाळते, ते या यंत्रावरच्या काचेच्या नळ्यांत डोळ्यांना दिसतं. माझा कान चांगला होता, पण त्या कानाला मापाची शिस्त लागली ती त्या खोलीत. आज जबलपूरमध्ये माझं जे काही बरं चाललं आहे, त्याचा पाया तिथे आहे.

साहेबांची कामाची एक रीत आहे. गाडीत काही बदल करून मागणारं गिऱ्हाईक आलं, की ते बॉनेटकडे जातच नाहीत. आधी विचारतात, "चालवता तुम्ही, बसतं कोण?" जो कोणी बसत असेल, त्याला घेऊन या म्हणतात. त्याच्याशी बोलल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. या रीतीपायी अनेक गिऱ्हाइकं परत गेलेली मी पाहिली आहेत. नव्या पोरांना दुप्पट ताकद हवी असते, आणि आईला घेऊन या म्हटलं की ती पुन्हा दिसत नाहीत. एकदा मी म्हणालो, साहेब, अशानं धंदा कसा चालणार? साहेब हसले आणि चहा घे म्हणाले.

त्या रीतीचा अर्थ मला पटेलजींच्या गाडीनं समजावला.

पटेलजींचं जबलपूरजवळच्या पाटणला बी-बियाण्यांचं दुकान. पत्नीला पक्षाघात झाला होता. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामोपचारासाठी नेपियर टाउनच्या दवाखान्यात आणावं लागे. पायात हळूहळू जीव येत होता आणि डॉक्टरांनी एकही खेप चुकवू नका म्हणून बजावलं होतं. गाडी जुनी. दाराकडे वळणारी एक सीट पटेलजींनी पुढे बसवून घेतली होती, म्हणजे पत्नीला उचलावं लागू नये. आणि रस्त्यात वेळ जाऊ नये म्हणून बाहेरगावच्या एका दुकानातून जास्त इंधन सोडणारे मोठे इंजेक्टर घालून आणले होते.

आता नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि गाडी प्रदूषणाच्या चाचणीतच अडकली. नोंदणी नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि गाडी नाही तर उपचार नाहीत. पटेलजी घाबरून माझ्याकडे आले. इंजेक्टरांचं इंधन तपासणीपुरतं कमी करून ठेवा आणि विनापरवाना बसवलेली सीट एका दिवसासाठी काढा, नंतर सगळं होतं तसं लावून द्या, असं त्यांचं म्हणणं. आमच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. मी त्यांना साहेबांकडे नेलं.

साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी पटेलजी पत्नीला घेऊन आले. साहेब गाडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि प्रवास कसा होतो, खिडकी उघडी असते का, असं सावकाश विचारत गेले. बाईंची जीभ अजून जड होती. साहेबांना घाई नव्हती. शेवटी त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "धुएँ से दम घुटता है, भैयाजी. पूरे रास्ते. इनसे कहा नहीं. इतने मन से लगवाया था."

पटेलजींनी स्वतःच गाडीचं बॉनेट उघडलं. म्हणाले, "निकाल दीजिए."

गाडी कंपनीतून निघताना तिच्यात होते, त्याच मापाचे इंजेक्टर साहेबांनी मिळवले, एकेक यंत्रावर लावून पाहिला, आणि प्रत्येकावरचा कोड गाडीच्या संगणकात भरला. हे करताना मला समजावत होते: इंजेक्टर मोठा करणं म्हणजे घास मोठा करणं आहे. हवा तेवढीच, पोट तेवढंच, मग न पचलेलं धूर होऊन बाहेर पडतं. इंजिन सुरू केल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी ऐकलं. चारही एका सुरात होते.

राहिली सीट. पटेलजी पुन्हा म्हणाले, एक दिवस काढून ठेवू. साहेब शांतपणे म्हणाले, "एक दिन के लिए भाभीजी को कहाँ उतारोगे, पटेलजी? लपवायचं ते काढलं आपण. हे लपवायचं नाही, हे कागदावर आणायचं."

कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाही, पण शरीरानं अडलेल्या माणसासाठी केलेला बदल परवानगी घेऊन नोंदवता येतो. साहेबांनी आधी सीटचं कच्चं वेल्डिंग काढायला लावलं आणि ती मूळ जागच्या बोल्टांवर पक्की बसवून घेतली. मग दाखला, अर्ज, पुन्हा दाखला. पटेलजी दुकान सोडून किती वेळा येणार, म्हणून साहेब स्वतः ऑटोनं आरटीओत खेपा घालत राहिले. निरीक्षक भला माणूस, पण असं प्रकरण त्यांच्यापुढे पहिलंच. ते बिचकत होते. तपासणीच्या दिवशी पटेलजी पत्नीला घेऊन आले, तेव्हा साहेबांनी वाद घातला नाही. म्हणाले, नियम नंतर बघू, आधी यांना बसताना बघा.

बाईंनी सीट बाहेर वळवली, टेकल्या, हातानं पाय आत घेतले आणि सीट फिरवून समोर बघत बसल्या. कुणाचाही हात न धरता. निरीक्षकांनी त्यांना पुन्हा उतरायला लावलं नाही. खिडकीशी वाकून, "आराम से बैठिए, अम्मा," म्हणाले आणि कागद मागितले. गाडीची नोंदणी झाली, आरसीवर सीटसकट. आता त्या काठी घेऊन घरात फिरतात.

साहेबांचा हा हळुवारपणा माझ्या घरानंही अनुभवला आहे. माझी मुलगी मराठी समजते, पण बोलताना हिंदीत घसरते. इतर मोठी माणसं तिला हसतात. साहेब तिचं हिंदी वाक्य पूर्ण ऐकून घेतात आणि उत्तर देताना तेच मराठीत गुंफतात, जणू तिनंच तसं म्हटलं होतं. ती आता त्यांच्याशी मराठीतच भांडते.

साहेबांनी पंचाहत्तरी गाठली. गुडघे कुरकुर करतात, ती मला त्यांच्या चालण्यातून ऐकू येते. मागच्या महिन्यात माझ्या उंच गाडीत चढताना ते क्षणभर दार धरून थांबले. मी म्हणालो, साहेब, पटेलजींसारखी सीट माझ्या गाडीत लावून घेतो, तुमच्यासाठी.

"लाव," साहेब म्हणाले, "पण आधी अर्ज कर."

साहेब, अर्ज मी आणून ठेवला आहे. तो कोराच राहावा, कागद पिवळा पडावा आणि शंभरी उलटल्यावरही आपण असंच क्षणभर दार धरून, स्वतःच्या पायांनी माझ्या शेजारी चढून बसावं, एवढीच नर्मदामाईकडे प्रार्थना. कुणी विचारलं, तुझ्या गाडीत बसतं कोण, तर मला आपलं नाव सांगता यावं.