‘कळशी भरली’च्या दोन चाली

पेटीमास्तर रघुनाथराव यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या अंकात मीही चार शब्द लिहावेत, असं मंडळींनी ठरवलं. वर "भाषा जरा सभ्य ठेवा" अशी ताकीदही दिली. तबलजीच्या तोंडावर भरवसा नाही, दुसरं काय! असो. मास्तरांबद्दल वेडंवाकडं बोलायला माझी जीभ वळायची नाही, तेव्हा मंडळींनी निर्धास्त असावं.

मी गुहागरहून रत्नागिरीला आलो तेव्हा सिनेमा मुका होता. बंदराजवळच्या तंबूत पडद्यापुढे बसून मास्तर पेटी वाजवीत असत आणि त्यांना तबल्याची साथ हवी होती. पहिल्याच दिवशी पडद्यावर प्रेतयात्रा चालली असताना मी झोकात लग्नाचा ठेका धरला. लोक पोट धरून हसले. तंबूचे मालक काकाशेठ मला हाकलायलाच निघाले होते. मास्तर शांतपणे म्हणाले, "शेट, त्यांना पडदा दिसत नव्हता. उद्या माझ्या उजवीकडे बसवतो." तेव्हापासून मी उजवीकडे बसतो आहे.

पुढे बोलपट निघाले. काकाशेठनी बोलकं यंत्र आणायचं ठरवलं आणि मास्तरांना म्हणाले, "आता पडदाच गाणार, मास्तर. तुम्हांला बसवून मी काय करू?" मला असा संताप आला! पण मास्तर म्हणाले, "त्यांचं काय चुकलं?" मुंबईला त्यांच्या मेहुण्यांनी त्यांना गिरणीत चिकटवायचं कबूल केलं होतं. पावसाळा संपल्यावर पहिली बोट त्या बोलपटाची रिळं घेऊन यायची होती, आणि तीच बोट परतताना मास्तरांना घेऊन जायची होती. वहिनींनी ट्रंक भरायला घेतली. मला घास गोड लागेना. बोटं तालावर पडत होती, पण मन कुठे ठिकाणावर होतं?

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी त्याच बोलपटाच्या गाण्यांच्या पुस्तिका मात्र येऊन पडल्या होत्या. शब्द होते, चाल नव्हती. 'कळशी भरली, वाट सरेना' हे गाणं तर बायकांनी वाचून वाचून पाठ केलं. रोज कोणीतरी मास्तरांच्या पडवीत हजर. "मास्तर, ह्याला चाल कशी हो?" शेवटी मास्तरांनी स्वतःची चाल लावून दिली. त्या वर्षी गणपती लवकर आले, बोटीच्याही आधी. आरती झाली की 'कळशी भरली', फुगडीला 'कळशी भरली'. आणि साऱ्या गावाची पक्की समजूत झाली, की सिनेमातली चाल ती हीच!

बोट आली. तंबू चिक्कार भरला. आयुष्यात प्रथमच मास्तर प्रेक्षकांत बसले होते, शेजारी मी. पडद्यावरची बाई कळशी घेऊन निघाली, गाऊ लागली, आणि तंबूत एकच गलका उठला. "चाल चुकली! बाईची चाल चुकली!"

दाराशी चणे विकणाऱ्या यमूमावशी डोळे बारीक करून म्हणाल्या, "अगो, चालत्ये तर बरी!"

हशा पिकला. मग पुढच्या बायकांनी आपल्या चालीत गाणं सुरू केलं. मागून पुरुषांनी सूर धरला. पडद्यावरची बाई एकीकडे, रत्नागिरी दुसरीकडे. काकाशेठ पांढरेफटक पडले, त्यांनी यंत्र थांबवलं. लोक ओरडू लागले, "मुंबईवाल्यांनी फसवलं!"

मास्तर उभे राहिले. खरं सांगतो, ते गप्प बसले असते तर काकाशेठची जिरली असती आणि मला आनंदच झाला असता. पण मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, बाई बरोबर गातायत. ही त्यांचीच चाल. तुम्ही म्हणता ती मी घरी लावली, बोट बंद होती म्हणून. आधी त्यांचं नीट ऐका. शेट, गाणं पहिल्यापासून लावा."

गाणं पुन्हा लागलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, मांडीवर बोटं फिरत होती. संपल्यावर त्यांच्याच तोंडून निघालं, "वा! फार सुंदर!" मला रडू आवरेना, लाज कसली सांगायला?

यमूमावशी उठल्या. "ही बेस आहे हो मास्तर, पण गणपतीतली ती आमची. मध्यंतरात ती होऊ दे."

पेटी आणवली. मध्यंतरात मास्तरांनी दोन्ही चाली वाजवल्या, नवी तर एकदाच ऐकून. काकाशेठ जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, मध्यंतराला कोणीतरी लागेलच की!" मास्तर हसून पेटीचा भाता मिटू लागले.

परतीच्या बोटीचा भोंगा झाला तेव्हा मी त्यांच्या घरी निरोपाला गेलो होतो. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवी चाल शिकायला मुली, सुना, सासवा दाटीवाटीनं बसल्या होत्या. मास्तर पुढे म्हणत होते, त्या मागून. दुसऱ्यांदा भोंगा झाला. वहिनींनी आत जाऊन ट्रंकेतली धोतरं पुन्हा दांडीवर टाकली. त्या पडवीचाच पुढे गायनवर्ग झाला. सिनेमाची गाणी शिकवतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या लेकीही आज तिथेच शिकतात.

मास्तर, देवाजवळ आमचं मागणं स्वार्थाचं आहे. तुमचा हात, कान आणि गळा असाच ठणठणीत राहो, आणि वर्षं मोजायचं काम आम्हांला कधी न पडो. पावसाळा दर वर्षी येणार, बोट बंद होणार, पुस्तिका आधी येऊन पडणार. तेव्हा चाल कोणाला विचारायची? पडवी झाडून ठेवा. मी उजवीकडे बसतोच.