भावाच्या डोक्यातला आवाज

महाराष्ट्र झाला त्याच्या आसपासची गोष्ट. विहिरीत सुरुंग वेळेआधीच उडाला, माझा धाकटा भाऊ आतच होता. जीव वाचला, कान गेले. बाहेरचं काही ऐकू येईना, पण डोक्यात एक जाड आवाज बसला तो काही हटेना. "दादा, बंद कर ना हे!" म्हणत तो घराच्या खांबावर डोकं आपटायचा. तांड्यातली माणसं जमायची. माय त्याचं डोकं मांडीत दाबून धरायची.

यवतमाळच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या, त्यांना मराठी येत नव्हती. नर्सनं समजावून सांगितलं, "आवाज कसा आहे ते बाईंना नीट कळलं पाहिजे. पुढच्या सोमवारी मी रजेवर आहे. इंग्रजी येणारा कोणी घेऊन या."

मी दुसरी शिकलेला. पण कोणाला नेणार नव्हतो. शहरात ओळखीचे एक कारकून होते, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"काका, मोठ्या, जाड आवाजाले इंग्रजीत काय म्हणते?"

"कायले रे? कलेक्टर होऊन राह्यला का?"

कारण सांगितलं तसे ते हसायचे थांबले आणि एकेक शब्द समजावू लागले. बूम म्हणजे एकदाच होऊन संपतो. थंडर ढगांचा. रोअर वाघाचा. रंबल म्हणजे भरलेली बंडी दगडांवरून चालली आहे आणि थांबतच नाही, तसा. "चिठ्ठी लिहून देतो, तीच दाखव."

"चिठ्ठी नाही पाह्यजे. भाऊ माहा हाय, मीच सांगीन."

मग त्यांनी आणखी दोन-चार शब्द माझ्याकडून घोकून घेतले. पण या आवाजांतला कोणता, हे बहिऱ्याला विचारावं कसं? भावाला कापसाच्या जिनिंगमध्ये नेलं. इंजिनाच्या खोलीची भिंत थरथरत होती, तिला त्याचा हात लावला. तो रडायलाच लागला. "हेच! दादा, हेच हाय!"

सोमवारी भावाच्या डोक्यावर हात ठेवून बाईंना म्हणालो, "रंबल. डे, नाईट. नो स्टॉप."

बाईंना कळलं. त्यांच्या तोंडावर दिसलं मला. छाती फुगली माझी. मग त्यांनी कान तपासायचा कपाळावरचा आरसा काढून ठेवला आणि माझ्याकडे पाहत त्या हळूहळू बरंच बोलल्या. त्यात रंबल तेवढा ओळखीचा, बाकी एक शब्द समजला नाही. शेवटी त्यांनी नकाराची मान हलवली. ती समजली.

भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी हसून हातानं खूण केली, थांबंल म्हणून. आजही स्वतःला विचारतो, दुसरं काय सांगायचं होतं?

"कवा?" तो ओरडला. सारा दवाखाना वळून पाहू लागला. "दादा, कवा?"