रशीदचा राखीव माणूस

"चाचा, अब्बा गेले," एवढंच रशीदचा मुलगा फोनवर बोलला आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" महिना उलटला, त्या प्रश्नाची अजून लाज वाटते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. मलकापुरात रशीदचं टेलरिंगचं दुकान होतं. शुक्रवारी ते बंद, म्हणून दुपारी कापड बेतायच्या टेबलावर आमचा खेळ रंगायचा. खेळ आम्हीच काढलेला. आमचा तिसरा दोस्त वासुदेव गोष्ट सांगायचा, रशीदच्याच खडूनं टेबलावर नदी, जंगल, किल्ला काढायचा. मी आणि रशीद त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचो, त्याच्या तोंडून बोलायचो. नदी पार होते की वाघ खातो, ते कवड्या ठरवायच्या. एकेक गोष्ट तीन-तीन महिने चाले. नियम मात्र कडक. ज्याचा माणूस मेला त्यानं बाकावरून उठायचं, गोष्ट संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. दुसरा माणूस गोष्ट सुरू व्हायच्या आधीच कागदावर मांडून ठेवला असेल तरच परत बसायचं. मी कधी ठेवला नाही. आळस, दुसरं काय! रशीद ठेवायचाच. हसलो की म्हणायचा, "अबे, कपड्यात शिवणीला जास्तीची माया ठेवतोच ना? उद्या अंग भरलं तं?"

त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. गावभर चर्चा. तो बाक सोडला तर मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती... आणि नेमका त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी माझा माणूस वाघानं खाल्ला. मी चपला घालू लागलो. रशीदनं खिशातून कागद काढला. त्याचा राखीव माणूस, पूर्णेवरचा नावाडी, एका डोळ्यानं अधू, अन् पाण्याला भिणारा!

"घे बे. हा तुहा."

"अन् तुले?"

"मले काय होते? बस खाली."

पुढच्याच शुक्रवारी कवड्या फिरल्या आणि त्याचा माणूस किल्ल्यावरून पडला. रशीद मुकाट्यानं उठला, कोपऱ्यात काज-बटणं करत बसला. दोन महिने! नावाडी परत देता आला असता. नाही दिला. स्वार्थी होतो, सरळ सांगतो.

पुष्कळ वर्षांनी विचारलं, राग नाही आला का? "आला ना, लय आला," तो म्हणाला. "पर तू बोलून राह्यला होता. घरी जाऊन गुमसुम बसला असता तं मले गोड लागलं असतं का?"

परवा नात पुण्याहून आली. तिच्या कॉलेजातली मुलं असलाच खेळ खेळतात, फासे टाकून. तिचा माणूस मेला म्हणून चेहरा पाडून बसली होती. "आजोबा, एखादा चांगला माणूस सुचवा ना." मी कागदावर लिहून दिलं: रशीद. टेलर. मुक्काम मलकापूर. मित्राला नाही म्हणता येत नाही.

तिनं वाचलं. "मस्त आहे. पण हाही मेला तर?"

मी तिच्या हातून कागद परत घेतला, खाली माझं नाव लिहिलं.

"हा राखीव," म्हटलं. "रशीदले बाकावरून उठू देऊ नको."