दिवाळीपर्यंतची गिटार

कळंबच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहून विचारलं, "हे काय हाय, ताई? सतार?"

गिटार गोधडीत गुंडाळून वरून सुतळीने बांधली होती. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या अण्णांनीच, माझ्या वडिलांनी, उत्तर दिलं, "गिटार हाय. टपावर टाकायची न्हाय."

"मग हिचं हाफ तिकीट काढा. पोराएवढी दिसती."

मागच्या सीटवरचे हसले. अण्णा हसले नाहीत. जागा त्यांनीच रुमाल टाकून धरली होती. आई धपाट्यांचा डबा देऊन एकदा रडून झाली होती आणि आता पाण्याची बाटली नीट बंद आहे का ते बघत होती. गाडी सुरू झाल्यावर अण्णा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाय जमलं तर शाळंत जागा हाय."

ती जागा खरी होती. माझं डी.एड. झालं होतं आणि ओळखीच्या संस्थेत दिवाळीच्या सुट्टीनंतर मला घ्यायचं ठरलं होतं. अण्णांनी शब्द टाकला होता. पुण्यात एका ऑर्केस्ट्राला गिटार वाजवणारी मुलगी हवी आहे असं कळल्यावर मी हट्ट धरला, तेव्हा तडजोड म्हणून दिवाळीची मुदत ठरली. पावसाळ्याचे दिवस होते. गणपती, नवरात्र, कोजागिरी, एवढाच हंगाम माझ्या हातात होता.

कळंबकरांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हे ठाऊक आहे. जे माझ्याही आधी गाव सोडून निघाले, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते.

गिटार आमच्या घरात कुणी आणली नव्हती. आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणारे बँकेचे साहेब बदली होऊन गेले, सामान टेम्पोत मावलं नाही, तेव्हा ती आमच्याकडे राहिली. सोबत कॉर्डचं एक पुस्तक होतं. त्यातल्या पाच-सहा कॉर्ड मी शिकले. उरलेलं शिक्षण भजनात झालं. अण्णा मंडळात पेटी वाजवायचे, मी त्यांच्या मागे बसायचे. तिथे प्रत्येक गाणाऱ्याची पट्टी वेगळी. कुणी खालून गाई, कुणी चढं. गाणारा बदलला की तबलजी हातोडी घेऊन तबला लावायचा आणि मी खुंट्या पिळून आख्खी गिटार नव्या पट्टीला लावायचे. हात तोच, कॉर्ड त्याच, तारा तेवढ्या वरखाली. गिटार अशी वाजवत नाहीत हे सांगणारं गावात कुणी नव्हतं, आणि भजनात घाईही नसते. तोवर पान लावलं जातं, शेतातल्या गोष्टी निघतात.

अण्णांचा नियम मात्र कडक होता. "गाणाऱ्यानं तोंड उघडल्याबिगर हात लावायचा न्हाय." कुणी आधीच सुरू केलं की ते पेटीचा भाता थांबवून नुसते बघायचे.

पुण्यातला पहिला कार्यक्रम गणपतीतला. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्या गाण्याची पट्टी वर होती आणि दोन गाण्यांमध्ये निवेदकाची चार वाक्यं, बस. मी घाईघाईने खुंट्या पिळायला लागले. तीन तारा लावून होईपर्यंत गाणं सुरू झालं, मी तशीच पिळत राहिले आणि सगळ्यात बारीक तार तुटून गालाला लागली. आमचे मालक मोरेसर विंगेतून म्हणाले, "बाई, विहिरीवरून पाणी शेंदताय का?" माईक चालू होता. समोरचं पब्लिक पोट धरून हसलं.

मोरेसरांनी दुसऱ्या दिवशीच घरी पाठवलं असतं. थांबवलं ते सलीमभाईंनी. ते लीड गिटार वाजवायचे, मूळचे सोलापूरचे, पन्नाशीच्या पुढचे. मला चहाला घेऊन गेले आणि विचारलं, "कहाँ सीखे, बेटा?"

"भजनात."

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कप ठेवला, टेबलावर पहिलं बोट आडवं धरलं आणि म्हणाले, "वहाँ बाजा बदलताय, हात वहीच. इधर बाजा वहीच रहता, हात बदलताय. ये बोट सहा तारांवर दाब, फिर किधर बी जाव."

त्याला बार कॉर्ड म्हणतात. बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं आणि तोच हात वर सरकवला की पट्टी वर, खाली सरकवला की खाली. सांगायला एक वाक्य लागतं. शिकताना बोटाच्या कडेची सालं निघाली. होस्टेलच्या गच्चीवर, कपड्यांच्या दोऱ्यांमध्ये बसून मी रोज सकाळी तेवढंच करायचे. कामाचं वेळापत्रक भिंतीला लावलं होतं, कारण त्याशिवाय मला काही जमत नाही.

वाजवणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं तेही सलीमभाईंकडे बघूनच कळलं. ते डाव्या हाताने बादली उचलत नसत. टेम्पोत गिटार छातीशी धरून झोपत. दिवसा स्टुडिओत साबणाच्या जाहिरातींना वाजवत, संध्याकाळी आमच्यासोबत, आणि दोन्हीकडे त्यांचं नाव कुठे छापलेलं नसे. त्यांचं वाजवणं मात्र कुणीही ओळखावं. दुसरे दहा सूर घेतील तिथे ते दोन घ्यायचे आणि दुसरा सूर तार बाजूला ओढून असा चढवायचे की सारंगीची आठवण व्हावी. ते यायचं नाही म्हणून मी रिदमला, म्हणजे मागे कॉर्डचा ठेका धरायला, राहिले. पुढे ते यायला लागलं, तरी मी रिदमलाच राहिले. काही माणसांना मागेच बरं वाटतं.

नवरात्र संपेपर्यंत माझ्या हातून चुका कमी झाल्या, पण मोरेसरांचं मत बदललं नव्हतं. "कोजागिरीपर्यंत बघतो," ते म्हणाले. म्हणजे दोन्हीकडून मुदत आलीच होती.

कोजागिरीचा कार्यक्रम आमच्याच जिल्ह्यातल्या भूमला निघाला. मी घरी फोन केला. आईनं सांगितलं, "तुझ्या अण्णांना काम हाय, न्हाय येत." पडदा उघडला तेव्हा अण्णा शेवटच्या रांगेच्या मागे, खांबाला टेकून उभे होते.

आमचा गायक प्रमोद हंगामभर गाऊन घसा बसवून बसला होता. मध्यंतरानंतरचं गाणं त्याच्या एकट्याच्या आलापाने सुरू व्हायचं, मग सगळी वाद्यं एकदम. त्याने कुणाला न सांगता आलाप ठरल्यापेक्षा खाली घेतला. कीबोर्डवाल्याने सवयीने जुन्याच पट्टीत सूर दाबला, बाकीचे त्याच्याबरोबर गेले, आणि स्टेजवर दोन गाणी एकमेकांवर आदळली. मी अजून हात लावलेला नव्हता. तो आलाप कुठे टेकतो ते ऐकत होते, कारण मला तसंच शिकवलेलं. कीबोर्ड गप्प झाला, तेव्हा मी बोट दाबून हात गिटारच्या दांड्यावर दोन पडदे खाली नेला आणि प्रमोदच्या सुरात ठेका धरला. थोडा वेळ नुसता प्रमोद आणि मी. मग सलीमभाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि आत आले, मागून सगळे. पब्लिकला वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या पडल्या त्या प्रमोदला.

मोरेसर कार्यक्रम संपल्यावर एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात लग्नं आहेत. तारखा लिहून घ्या."

अण्णांची गाठ सकाळी भूमच्या स्टँडवर पडली. रात्री ते ओळखीच्यांकडे राहिले होते. मी धावत गेले, म्हटलं काहीतरी बोलतील.

"अण्णा, ऐकलंत का?"

"व्हय. गाणाऱ्याला सावरलंस. बरं केलंस." मग समोरच्या गाडीची पाटी वाचत म्हणाले, "शाळंचं मी कळवतो त्यांना."

"काय कळवता?"

"दुसरी कुणी घ्या म्हणून. एवढं वाजवाय आल्यावर जागा अडवून काय करायचंय? तुझं आता तिकडंच."

कळंबची गाडी लागली. ते चढले, खिडकीत बसले, हातातली पिशवी मांडीवर घेतली. आमचा टेम्पो उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मी टेम्पोत बार्शीपर्यंत रडले. प्रमोदला वाटलं, बापाने झापलं. त्याने मला अर्धं सफरचंद दिलं.

का रडू आलं ते कळायला वर्षं लागली. जोवर शाळेतली जागा होती तोवर घरी परत जायला एक कारण होतं. 'जमलं नाही तर शाळा आहेच' असं म्हणायला त्या कारणाचा मला आधार होता. अण्णांनी ते काढून घेतलं, तेही माझ्या भल्यासाठी, आणि स्वतःच्या हाताने. त्यांना ते किती जड गेलं हे आईकडून नंतर समजलं. कळवायला गेले तेव्हा संस्थेच्या दारातून दोनदा माघारी आले होते.

आता पुण्यात माझं घर आहे, नवरा आहे, दोन क्लास आहेत. ऑर्केस्ट्रा जवळजवळ संपले, गायक पेन ड्राइव्हवर तयार ट्रॅक घेऊन येतात. मी स्टुडिओत रिदम वाजवते, शिकवते, लग्नाचा सीझन धरते. सलीमभाई गेले. एसटीच्या पाटीवर उस्मानाबादच्या जागी धाराशिव आलं. गावाबाहेर पडलेली मंडळी भेटली की विचारतात, गावी कायमची कधी जाणार? मला ते ठरवता येत नाही, आणि ठरवता न येणारी गोष्ट मी सहसा यादीत ठेवत नाही.

एवढं कळतं की अण्णा 'ये' म्हणत नाहीत. भूमच्या स्टँडनंतर एकदाही म्हणाले नाहीत. फोनवर म्हणतात, "कशाला उगं, कामं असतील." म्हणून मी न कळवता जाते, महिन्यातून एखादा शनिवार, दुपारच्या गाडीने. पोचते तेव्हा ताट वाढलेलं असतं. मी आईला एकदा विचारलं, मी येणार हे तुला कसं कळतं?

"कळतंय कशाचं? शनिवारी आमी तिघांचंच करतो."

"आणि मी नाही आले तर?"

"मग म्हैस खाती," आई म्हणाली, आणि अण्णा मान खाली घालून जेवत राहिले.