मनूसाठी राखलेला सेल

बाबा घरी श्रवणयंत्र बंदच ठेवतात. "तुमच्या गप्पांवर सेल कशाला जाळू?" म्हणतात. थीम पार्कमध्ये मात्र ते सकाळपासून चालू होतं. रोलर कोस्टरपाशी तिथली बाई म्हणाली, "आजोबा, यंत्र काढून बसा." बाबा सरळ रांगेबाहेर आले आणि माझी लेक मनू एकटीच वर गेली.

"बाबा, तुम्हाला बसायचं होतं ना?" मी ओरडलो.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय." त्यांनी यंत्राचा आवाज वाढवला.

गाडी उतारावरून सुसाट खाली आली, किंकाळ्या उठल्या. माझ्या धडधाकट कानांना सगळ्या सारख्याच वाटल्या. बाबांनी बोट उंचावलं, "ही आपली!"

मनू उतरली ती ऐटीतच. "आजोबा, मी मुळीच ओरडले नाही हं!"

"शाब्बास," म्हणत बाबांनी मला डोळा मारला आणि यंत्र बंद केलं.